फाशी, क्षमा आणि न्याय: ख्रिस्ती माणसाने उभं राहायचं तरी कुठे?

कंदील

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅथलिक कॅटेकिझममधला (चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या पुस्तकातला) २२६७ नंबरचा परिच्छेद बदलला आणि मृत्युदंड अस्वीकार्य आहे असं सरळ लिहून टाकलं. त्याआधी १९९५ मध्ये जॉन पॉल दुसरे एवढंच म्हणाले होते की समाजाचं रक्षण दुसऱ्या कुठल्याच मार्गाने होत नसेल तरच, आणि अशी वेळ आता जवळजवळ येतच नाही. म्हणजे दार लोटलेलं होतं, कडी फ्रान्सिसनी घातली. दुसरीकडे अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांनी २००० साली ठराव केला की निःपक्षपातीपणे वापरला जात असेल तर मृत्युदंडाला आमचा पाठिंबा आहे. बायबल तेच, क्रूस तोच.

तर प्रश्न असा की ज्याला सत्तेने रीतसर (बरं, रीतसर म्हणायचं आपलं) खटला चालवून चारचौघांसमोर मारलं त्याला देव मानणारे लोक या शिक्षेच्या बाजूने कसे काय असतात, आणि जे विरोधात आहेत ते मग न्यायाचं काय करतात? 'जुन्या करारातला देव कडक आणि नव्या करारातला प्रेमळ' हे उत्तर कृपया नको, ऐकून ऐकून कंटाळा आलाय आणि ते खरंही नाही. मी स्वतः विरोधाकडे झुकलेला आहे पण समोरच्यांचं म्हणणं नीट ऐकायचंय. पक्षांचं राजकारण बाहेर ठेवू या.

सनातन_प्रश्न

वाचतेय. चहा... म्हणजे पॉपकॉर्न घेऊन बसलेय असं समजा :)

जुना_करार

कंदील, मी बाजूने आहे, तेव्हा माझ्यापासूनच सुरुवात होऊ दे.

सगळे जण लगेच मोशेच्या नियमशास्त्रावर (देवाने मोशेमार्फत इस्राएलला दिलेल्या नियमांवर) उडी मारतात आणि म्हणतात ते आता लागू नाही. पण बायबलच्या पहिल्या पुस्तकातलं, उत्पत्ती ९:६ हे वचन मोशेच्या कितीतरी आधीचं आहे. जलप्रलय संपलाय, नोहा तारवातून बाहेर आलाय, इस्राएल नावाचं राष्ट्रच अजून अस्तित्वात नाही, आणि देव अख्ख्या मानवजातीला सांगतोय की जो माणसाचं रक्त सांडेल त्याचं रक्त माणसाकडून सांडलं जाईल, कारण देवाने माणूस आपल्या प्रतिरूपात घडवला. आता यातलं कारण बघा. लोक म्हणतात माणूस देवाची प्रतिमा आहे म्हणून मारू नका, आणि इथे नेमकं उलटं म्हटलंय, की ज्याला मारलं तो देवाची प्रतिमा होता म्हणून मारणाऱ्याला त्याचीच किंमत मोजावी लागेल. खुन्याला दहा वर्षं आत ठेवून सोडून दिलं तर मेलेल्या माणसाची किंमत दहा वर्षं झाली ना?

'डोळ्याबद्दल डोळा' याचीही उगाच बदनामी होते. त्याच्या आधी काईनचा वंशज लामेख बायकांना फुशारकीने सांगतो की मला जखम करणाऱ्या माणसाला मी ठार केलं आणि माझा सूड सत्त्याहत्तर पट. त्या जगात 'एका डोळ्याला एकच डोळा' हा लगाम होता. जुन्या करारातल्या गणना पुस्तकातलं ३५:३१ तर गोरगरिबांच्या बाजूचा नियम आहे, खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घ्यायची नाही. म्हणजे श्रीमंत माणूस पैसे भरून सुटणार नाही.

नवा करार म्हणाल तर रोमकरांस पत्र १३:४ मध्ये प्रेषित पौल म्हणतो की अधिकारी तलवार उगाच बाळगत नाही. स्वतःवर खटला चालू असताना तोच पौल म्हणतो की मी मरणाला योग्य असं काही केलं असेल तर मरायला ना नाही (प्रेषितांची कृत्ये २५:११). आणि येशूच्या शेजारच्या क्रुसावरचा चोर? तो म्हणतो आपल्याला आपल्या कर्माचं योग्य फळ मिळतंय. येशू त्याला स्वर्गलोक देतो पण 'तुझ्यावर अन्याय होतोय' असं काही म्हणत नाही, आणि क्रुसावरून खाली तर उतरवत नाहीच.

तिसरा_प्रहर

मी नास्तिक, त्यामुळे माझं मत पाव धरा. पण जुना_करार साहेब, त्याच पुस्तकात शब्बाथ दिवशी लाकडं गोळा करणाऱ्याला दगडमार करून मारलंय (गणना १५), आईबापाला शिव्याशाप देणाऱ्याला मृत्युदंड आहे, व्यभिचाराला आहे, हट्टी दारुड्या मुलालासुद्धा आहे. यातला फक्त खून तेवढा उचलायचा आणि बाकीचं सगळं 'ते त्या काळापुरतं होतं' हे कुठलं लॉजिक?

जुना_करार

लॉजिक वरच दिलंय की. नोहाशी केलेला करार सगळ्यांसाठी, सिनाय पर्वतावरचा करार इस्राएलसाठी. तुम्ही सांगितलेले सगळे गुन्हे दुसऱ्या खात्यातले. खून दोन्हीकडे आहे.

रानपाखरू

नोहाच्या पाच अध्याय आधी जा ना मग. बायबलमधला पहिला खुनी काईन. सख्खा भाऊ हाबेल मारलाय, पुरावा म्हणाल तर रक्तच जमिनीतून ओरडतंय, न्यायाधीश खुद्द देव, म्हणजे चुकीचा निकाल लागायची शक्यता शून्य. इतकी क्लिअर केस जगात पुन्हा झाली नसेल. आणि देव त्याला हद्दपार करतो, शेती हातातून काढून घेतो, आणि कोणी त्याला मारू नये म्हणून त्याच्यावर खूण करतो!! शिक्षा आहे, चांगली जबर आहे, पण जीव घेतलेला नाही.

आणि पुढे मोशे बघा, मिसरी माणसाला मारून वाळूत पुरला. दावीद राजाने आपल्याच सैनिकाला, उरीयाला, लढाईत पुढे करून मारवला. पौल (ख्रिस्ती व्हायच्या आधी) स्तेफन नावाच्या ख्रिस्ती माणसाच्या दगडमारीला संमती देत उभा होता. उत्पत्ती ९:६ काटेकोर लावलं असतं तर दावीदची स्तोत्रं पण नाहीत आणि पौलाचं रोमकरांस पत्र पण नाही, ज्याच्या तेराव्या अध्यायावर तुमची अर्धी केस उभी आहे.

कंदील

शेवटचं वाक्य जबरदस्त. जुना_करार यांचं उत्तर काय?

जुना_करार

उत्तर सोपं आहे. दया करायचा हक्क देवाचा. नाथान संदेष्टा दावीदला सांगतो की परमेश्वराने तुझं पाप दूर केलंय, तू मरणार नाहीस, आणि त्याच दमात हेही सांगतो की तलवार तुझ्या घरातून कधी जाणार नाही. दावीदला देवाने सोडलं, कोर्टाने नाही. न्यायाधीश देव नाही, त्याला दिलेलं काम त्याने करायचं. काईनची गोष्ट मात्र अवघड आहे हे मान्य, माझ्याकडे इतकंच की तेव्हा राज्यसत्ताच नव्हती, पुढे हिंसा वाढत गेली आणि प्रलयानंतर देवाने ती जबाबदारी माणसाकडे दिली.

शांतिसदन

मी कॅथलिक आहे आणि मला वाटतं की सगळी चर्चा 'अधिकार आहे की नाही' इथेच अडकतेय. अधिकार आहे असं मानलं तरी तो वापरलाच पाहिजे असं कुठे येतं? चर्चच्या इतिहासात या दोन गोष्टी पहिल्यापासून वेगळ्या धरल्यात आणि याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे बिशप ऑगस्टीन.

पाचव्या शतकाची सुरुवात, उत्तर आफ्रिका. डोनाटिस्ट नावाच्या फुटीर पंथातल्या काही लोकांनी ऑगस्टीनच्या बाजूच्या एका धर्मगुरूचा खून केला आणि दुसऱ्याचा डोळा काढला, बोट तोडलं. गुन्हेगार पकडले गेले, त्यांनी कबुलीही दिली. निकाल द्यायचा होता मार्सेलिनस नावाच्या अधिकाऱ्याने, तो स्वतः ख्रिस्ती आणि ऑगस्टीनचा चांगला मित्र. ऑगस्टीनने त्याला पत्र लिहिलं. राज्याला मृत्युदंडाचा अधिकार आहे हे ऑगस्टीनला मान्य होतं, दुसरीकडे त्याने तसं लिहूनही ठेवलंय. तरी तो विनवतो की यांना मारू नकोस, यांचेही डोळे काढू नकोस, त्यांचं वेड थांबेल आणि ते कुठल्यातरी उपयोगी कामाला लागतील असं काहीतरी कर. आमच्या माणसांनी जे भोगलं त्याची फेड त्याच मापाने नको. लक्षात घ्या, मेलेला माणूस त्याच्याच गोटातला होता. दुसऱ्याच्या दुःखावर उदार होणं सोपं असतं, इथे तसं नव्हतं.

पुढची गोष्ट अजून चमत्कारिक. ४१३ मध्ये त्याच मार्सेलिनसला राजद्रोहाच्या आरोपावरून पकडलं, ऑगस्टीनने त्याला सोडवायचा आटापिटा केला, पण त्याचा शिरच्छेद झालाच. नंतर सम्राटाने तो निर्दोष असल्याचं मान्य केलं. आता काय उपयोग.

२०१८ चा बदल मला या परंपरेतलाच वाटतो. काही लोक म्हणतात चर्चने शिकवण फिरवली, कार्डिनल एव्हरी डलेस यांच्यासारखा विद्वानही २००१ मध्ये म्हणत होता की राज्याचा मूळ हक्क कायम आहे, फक्त आताच्या काळात तो वापरू नये. फ्रान्सिस त्याच्या एक पाऊल पुढे गेले. ते पाऊल मोठं की छोटं यावर आमच्यातसुद्धा भांडणं चालू आहेत.

तिसरा_प्रहर

ऑगस्टीन ठीक आहे हो, पण तुमच्या पोपच्या राज्यात पगारी जल्लाद होता ते पण सांगा की. बुगाती नावाचा, लोक त्याला मास्त्रो तित्ता म्हणायचे. १७९६ ते १८६४ या काळात ५१६ माणसं मारल्याची त्याची स्वतःची नोंद आहे. आणि व्हॅटिकन सिटीच्या कायद्यात पोपच्या खुनाच्या प्रयत्नाला मृत्युदंड १९२९ पासून १९६९ पर्यंत होता.

प्रॉटेस्टंट मंडळींनी हसू नये, १५५३ मध्ये जिनिव्हात सर्व्हेटस नावाच्या विद्वानाला त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) नाकारलं म्हणून जिवंत जाळलं आणि तिथला प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिन, त्याची दया इतकीच की जाळण्याऐवजी डोकं उडवा असं त्याचं म्हणणं होतं. १६६० मध्ये बॉस्टनला मेरी डायर नावाच्या बाईला प्युरिटन या कडक प्रॉटेस्टंट लोकांनी फासावर चढवलं, गुन्हा काय तर क्वेकर (त्यांनी बंदी घातलेल्या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाची) असूनही गावात परत आली.

शांतिसदन

सगळं खरं आहे, यातलं काहीच लपवायचं नाही. व्हॅटिकनच्या त्या कायद्याखाली कोणाला मारलं गेलं नाही एवढंच जोडते.

पण दर वेळी विरोध करणारा एखादा आतलाच माणूस निघालाय हेही बघा. ३८५ च्या आसपास ट्रियरला प्रिसिलियन नावाच्या बिशपला सम्राट मॅक्सिमसने मृत्युदंड दिला, त्याच्यामागे लागलेलेही बिशपच होते. तूरचा बिशप मार्टिन स्वतः सम्राटाकडे गेला आणि म्हणाला की याला पाखंडी ठरवून पदावरून काढा, पुरे झालं, रक्त सांडू नका. ऐकलं नाही. मग त्याने त्या बिशपांबरोबर प्रभुभोजनाला बसायलाच नकार दिला. सर्व्हेटसच्या वेळी कास्टेलियो नावाचा प्रॉटेस्टंट विद्वान होता, त्याने लिहिलं की माणसाला जाळून सिद्धांताचं रक्षण होत नाही, एक माणूस जाळला जातो इतकंच.

वाटसरू_१२

+१. ॲनाबॅप्टिस्ट राहिले, म्हणजे मोठेपणीच बाप्तिस्मा घ्यावा म्हणणारा सोळाव्या शतकातला पंथ. १५२७ च्या श्लाइटहाइमच्या कबुलीजबाबात त्यांनी फार मजेशीर भूमिका घेतलीय. तलवार देवानेच नेमलेली आहे असं मान्य केलंय, पण ती 'ख्रिस्ताच्या परिपूर्णतेच्या बाहेर' आहे. म्हणजे सरकारने दुष्टांना शिक्षा करावी, पण ख्रिस्ती माणसाने न्यायाधीशाच्या खुर्चीत बसू नये. मला हे जरा सोयीस्कर वाटतं, दुसऱ्याने हात माखायचे आणि आपण संरक्षण घ्यायचं. अर्थात ते स्वतःच शेकड्यांनी मारले गेले, बुडवले गेले, त्यामुळे सोयीस्कर म्हणताना जीभ अडखळते.

अवांतर: किएव्हच्या व्लादिमीरची गोष्ट कोणाला माहीत आहे का? जुन्या रशियन बखरीत आहे. हा राजा बाप्तिस्मा घेण्याआधी चांगलाच रक्तपिपासू होता, ख्रिस्ती झाल्यावर त्याने दरोडेखोरांना मारणं बंद केलं. दरोडे वाढले. बिशप त्याच्याकडे गेले आणि विचारलं की शिक्षा का करत नाहीस, तर हा म्हणाला मला पापाची भीती वाटते! मग बिशपांनीच त्याला समजावलं की देवाने तुला दुष्टांना शिक्षा करायलाच बसवलंय, फक्त नीट चौकशी करून कर. नव्याने ख्रिस्ती झालेला राजा येशूचं डोंगरावरचं प्रवचन (शत्रूंवर प्रेम करा म्हणणारं) जसंच्या तसं घेतो आणि मुरलेले बिशप त्याला रोम १३, म्हणजे तलवारीवाला रोमकरांस पत्राचा अध्याय, शिकवतात. पुढे तेच लोक परत आले आणि म्हणाले की लढायांसाठी पैसा लागतो, तेव्हा मृत्युदंडाऐवजी दंडाची रक्कमच घेत जा :D

जुना_करार

म्हणजे गणना ३५:३१ चा थेट भंग. बिशपांना वाचायला सांगा.

ओंजळ

इथे सहसा फक्त वाचते, आज लिहितेय.

माझ्या मावसभावाचा खून झाला. तपशील सांगणार नाही. केस चालू आहे. आम्ही ख्रिस्ती कुटुंब, मावशी अजून दर रविवारी चर्चला जाते. दफन होऊन थोडेच दिवस झाले होते आणि आमच्या ओळखीतले चांगले चांगले लोक घरी येऊन क्षमेबद्दल बोलायला लागले. येशूने क्रुसावरून माफ केलं, तुम्हीही करा, मन हलकं होईल. मावशी काहीच बोलायची नाही, आणि लोक गेल्यावर विचारायची की माझ्या मुलाची बाजू कोण मांडणार, त्याला तर बोलता येत नाही आता.

तुम्ही सगळे छान लिहिताय, खरंच. पण वरती बहुतेक सगळी चर्चा मारणाऱ्याबद्दल आहे. काईनबद्दल इतकं लिहिलंय, हाबेलबद्दल एक ओळ. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात वधलेल्यांचे आत्मे वेदीखालून ओरडतात की हे स्वामी, आमच्या रक्ताचा सूड किती काळ घेणार नाहीस. ते स्वर्गात आहेत, पवित्र आहेत, आणि तरी ओरडतायत. देव त्यांना गप्प बसा म्हणत नाही, असं मागणं पाप आहे असंही म्हणत नाही, पांढरे झगे देतो आणि थोडं थांबा म्हणतो. मला क्षमेवरच्या प्रवचनांपेक्षा या अध्यायाने जास्त आधार दिला.

कंदील

ओंजळ, लिहिलंत त्याबद्दल आभार. घाईने काही बोलत नाही.

रानपाखरू

ओंजळ ताई, हाबेलबद्दलचा मुद्दा लागला मला. बरोबर आहे तुमचं.

शांतिसदन

ओंजळ, ते लोक वाईट हेतूने आले नसतील पण त्यांनी दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ केली. क्षमा करायचा हक्क ज्याच्यावर घाव झाला त्याचा, शेजाऱ्याने ती मागायची नसते, आणि क्षमा केली म्हणजे शिक्षा संपली असंही नाही.

जॉन पॉल दुसरे यांच्यावर १९८१ मध्ये मेहमेत अली आज्चाने गोळ्या झाडल्या. पोपनी काही दिवसांतच माफ केल्याचं जाहीर केलं, १९८३ च्या डिसेंबरमध्ये तुरुंगात जाऊन त्याला भेटले. तो फोटो सगळ्यांना माहीत आहे. पण आज्चा इटलीच्या तुरुंगातून सुटला २००० साली! मधली सगळी वर्षं पोपची क्षमा आणि इटलीची शिक्षा शेजारी शेजारी चालू होत्या आणि कोणाला त्यात विसंगती वाटली नाही. ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना १९९९ मध्ये जाळून मारलं तेव्हा ग्लॅडिस स्टेन्स यांनीही मारेकऱ्यांना माफ केलं, पण कायद्याने आपलं काम करावं असंही म्हटलं.

जुना_करार

शांतिसदन, हे तर माझंच म्हणणं झालं. रोम १२ च्या शेवटी पौल म्हणतो सूड घेऊ नका, सूड घेणं देवाकडे आहे, आणि पुढच्या अध्यायात लगेच सांगतो की देवाचा क्रोध अमलात आणणारा सेवक म्हणजे अधिकारी. म्हणजे मी माझा शत्रू माफ करायचा आणि कोर्टाने शिक्षा द्यायची. मग ती शिक्षा मृत्यूची का नको?

शांतिसदन

कारण मेलेल्या माणसाच्या बाबतीत चूक दुरुस्त करता येत नाही आणि त्याला पश्चात्तापाला वेळ राहत नाही. अमेरिकेत १९७३ पासून जवळपास २०० माणसं मृत्युदंड सुनावल्यावर पुढे निर्दोष सुटलीत. वेळेत सापडले ते हे.

वाटसरू_१२

पश्चात्तापाच्या मुद्द्यावर मध्ययुगातला कॅथलिक तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस याचं उत्तर आहे हं, आणि ते थोडं अंगावर येतं. तो म्हणतो की मरण समोर दिसतं तेव्हाच माणसाला पश्चात्तापाची सगळ्यात मोठी संधी मिळते, आणि तेव्हाही जो बदलत नाही तो बहुधा कधीच बदलणार नाही. तो समाजाला शरीर म्हणतो आणि अशा गुन्हेगाराला सडलेला अवयव, कापून टाका. माझा आक्षेप असा की हाताला आत्मा नसतो. माणसाला असतो, आणि हे अक्वायनसपेक्षा जास्त कोणाला माहीत असणार.

कार्ला फे टकरची केस घ्या. कुदळीने दोघांचा खून केलेला, यात वादच नव्हता. तुरुंगात ख्रिस्ती झाली आणि इतकी बदलली की पॅट रॉबर्टसनसारखा मृत्युदंडाचा समर्थक प्रचारकसुद्धा तिच्यासाठी दया मागत होता. फेब्रुवारी १९९८ मध्ये टेक्सासने तिला इंजेक्शन दिलंच. अक्वायनस म्हणेल बघा, मृत्यूच्या छायेमुळेच बदलली. विरोधक म्हणतील की बदललेल्या बाईलाच मारलंत, जिने खून केले ती केव्हाच गेली होती. मला दोन्हीत दम वाटतो, आणि दोन्हींत एक भोक दिसतं: ती बदलली नसती, कोडगी, घाणेरडी राहिली असती तर तिच्यासाठी कोण उभं राहिलं असतं? दया जर चांगलं वागल्याबद्दलचं बक्षीस असेल तर ती दया कसली.

तिसरा_प्रहर

आयला, हा पॉइंट मला नास्तिक असून पटला.

सनातन_प्रश्न

एक बाळबोध शंका. सगळे 'जन्मठेप द्या' म्हणून मोकळे होतात. पण माणूस मरेपर्यंत कोठडीत ठेवणं ही दया आहे का? आणि ती व्यभिचारी बाईची गोष्ट, 'ज्याने पाप केलं नाही त्याने पहिला दगड मारावा', ती अजून कोणीच कशी आणली नाही? मला वाटलं होतं पहिलीच तीच येणार.

शांतिसदन

शंका अजिबात बाळबोध नाही. फ्रान्सिसनी २०१४ मध्ये जन्मठेपेला लपलेला मृत्युदंडच म्हटलं होतं आणि व्हॅटिकनच्या कायद्यातून ती काढूनही टाकली. म्हणजे कधीतरी सुटायची आशा उरली पाहिजे असं त्यांचं म्हणणं. इथे माझे बरेच कॅथलिक मित्रमैत्रिणी पण थांबतात, इतकं पुढे यायला तयार नसतात.

जुना_करार

बघा, मी म्हणत होतो ना. आधी फाशी नको, मग जन्मठेप नको. हा रस्ता थांबणार कुठे?

त्या बाईच्या गोष्टीबद्दल. योहानाच्या शुभवर्तमानातला ८ व्या अध्यायाचा तो भाग सगळ्यात जुन्या हस्तलिखितांमध्ये नाही, म्हणून मी त्यावर फार बांधकाम करत नाही, तरी घटना खरी असावी असं मला वाटतं. पण तिथला खटला बघा ना, बाई 'कृत्य करताना' सापडली म्हणतात मग पुरुष कुठे गेला? नियम दोघांनाही मृत्युदंड सांगतो. साक्षीदारांनी पहिला दगड मारायचा हाही नियमच (जुन्या करारातलं अनुवाद नावाचं पुस्तक, १७:७), येशू तोच नियम त्यांच्यावर उलटवतो. नियम मोडीत काढत नाही, खोटा खटला मोडीत काढतो.

रानपाखरू

छान वाचलंत. पण मग हाच निकष आजच्या खटल्यांना लावा ना. अनुवाद १९ प्रमाणे दोन-तीन साक्षीदार हवेत, आणि साक्ष खोटी निघाली तर आरोपीला जी शिक्षा झाली असती ती साक्षीदाराला द्यायची. मुद्दाम खोटा पुरावा उभा करणारा पोलीस, पढवलेला साक्षीदार, सगळे फासावर. चालेल? आणि साक्षीदाराने स्वतःच्या हाताने पहिला दगड मारायचा, चार भिंतींआड पगारी माणसाकडून नाही. तुमच्या पवित्र शास्त्राच्या अटी जशाच्या तशा पाळल्या तर वर्षानुवर्षं एकही फाशी होणार नाही. मिश्ना या जुन्या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात ज्यू धर्मगुरूंची नेमकी हीच चर्चा आहे, सात वर्षांत एकाला मारणारं न्यायालय संहारक म्हणवलं जातं, कोणी म्हणतं सत्तर वर्षांत. तारफोन आणि अकिवा म्हणतात आम्ही असतो तर कोणालाच मारलं नसतं. त्यावर तिसरा सांगतो की मग तुम्ही खुनी वाढवले असते!

जुना_करार

तो तिसरा माझा माणूस.

पण अटींबद्दल तुमचं म्हणणं मान्य. मी शिक्षेच्या बाजूने आहे, आजच्या व्यवस्थेच्या बाजूने आहे असं कधी म्हटलं नाही. जिथे पैसेवाला चांगला वकील करून सुटतो आणि गरीब लटकतो तिथे गणना ३५ रोजच मोडली जातेय. अशा ठिकाणी शिक्षा थांबवून ठेवा म्हटलं तर मी सही करीन, थांबवून हं, कायमची रद्द नाही. देवाने दिलेला अधिकार माणसाने 'मुळात चूक' म्हणणं मला जमत नाही.

कंदील

१९९९ मध्ये जॉन पॉल दुसरे अमेरिकेत सेंट लुईसला गेले होते तेव्हा त्यांनी मिसूरीच्या गव्हर्नरला, मेल कार्नाहानला, एका कैद्याचा जीव वाचवायची विनंती केली होती. तीन खून केलेला माणूस, निर्दोष असल्याचा प्रश्नच नव्हता. गव्हर्नर बॅप्टिस्ट, मृत्युदंडाचा समर्थक. त्याने ती शिक्षा बदलून जन्मठेप केली आणि मृत्युदंडाबद्दलचं आपलं मत काही बदललं नाही. जुना_करार, तुम्ही त्या खुर्चीत असता तर?

जुना_करार

अवघड प्रश्न टाकलात. समोर कोणीतरी उभं राहून मागितलं असतं तर... बहुतेक दिली असती. पण मग मेलेल्या तिघांच्या घरी आधी गेलो असतो, सही करायच्या आधी, नंतर नाही.

ओंजळ

जुना_करार, तुमचं मत पटत नाही तरी हे वाक्य पटलं. आमच्याकडे कोणी आलं नाही.

कंदील यांनी विचारलं नाहीये पण मनात असेल म्हणून सांगते. आमच्या वकिलांनी मावशीला विचारलं होतं की फाशीची मागणी लावून धरू का. ती नको म्हणाली. पलीकडच्याला पण आई आहे, इतकंच बोलली. माफ केलंस का म्हणून नंतर एका बाईंनी विचारलं तर त्यालाही नाहीच म्हणाली. त्या बाईंना ते झेपलं नाही, पुढच्या रविवारी त्यांनी एक पुस्तक आणून दिलं. ते अजून तसंच पडलंय टेबलावर. पुढची तारीख महिनाअखेर आहे.